कॅम्परमधली पाण्याची टाकी: भरायची कशी, धुवायची कशी आणि रिकामी कधी ठेवायची

साठवलेलं पाणी ओतून देणं सोलापूरकराच्या जिवावर येतं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात हौद, पिंप, कळशी, हाताला लागेल ते भरून ठेवायची सवय अंगात मुरलेली असते. घरात ती सवय बरोबरच आहे. पण जीपमागे ओढायचा ट्रेलर असो की टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेला, आत मुक्काम करता येणारा कॅम्पर, त्यातल्या टाकीला ही सवय मानवत नाही. पंढरपूरहून परत आल्यावर उरलेलं पन्नास-साठ लिटर पाणी 'पुढच्या खेपेला होईल' म्हणून तसंच ठेवलं, की पुढच्या खेपेला नळ उघडताच वास येतो आणि दोष पाण्याला दिला जातो. पाणी भरलं तेव्हा बहुधा ठीकच होतं. बंद टाकीत ते किती दिवस पडून राहिलं, तोवर त्यातलं क्लोरिन उडून गेलं का, आणि टाकीच्या भिंती आतून कशा आहेत, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. पुढची सगळी मापं १०० लिटरच्या टाकीसाठी दिली आहेत. तुमची टाकी मोठी किंवा लहान असेल तर त्याच प्रमाणात वाढवा-घटवा.

किती पाणी लागतं आणि त्याचं वजन

चार माणसांचा हिशोब असा धरा: पिणं आणि स्वयंपाक मिळून रोज १८ ते २० लिटर, भांडी १५ लिटर, हात-तोंड धुणं २० लिटर. म्हणजे अंघोळ न धरताच ५५ लिटर. प्रत्येकाने बेताने, १२ लिटरमध्ये अंघोळ उरकली तरी आणखी ४८ लिटर. १०० लिटरची टाकी अंघोळीसह एक दिवस आणि अंघोळ सोडून जेमतेम दोन दिवस पुरते. तुळजापूर किंवा अक्कलकोटला जाऊन मुक्कामाला धर्मशाळेत अंघोळ करणार असाल तर एवढी टाकी भरपूर झाली. नळदुर्ग करून पुढे विजापूरकडे दोन-तीन मुक्काम रानावनात करणार असाल, तर वाटेत पाणी भरायची जागा आधी ठरवूनच निघा.

१ लिटर पाणी म्हणजे १ किलो. भरलेली १०० लिटरची टाकी म्हणजे दीड-दोन माणसांचं वजन, म्हणून ती शक्यतो चाकांच्या आसाजवळ हवी. ट्रेलरमध्ये टाकी आसाच्या मागे असेल आणि ती पूर्ण भरली, तर हूकवरचा भार कमी होतो आणि वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोलू लागतो. अर्धी भरलेली टाकी आणखी त्रासाची. तुळजापूरच्या घाटात वळणावर पाणी एका बाजूला धावतं आणि गाडी तिकडे ओढली जाते. टाकीच्या आत आडवे पडदे असतील तर हे बरंच कमी होतं. पडदे नसतील तर मुक्कामाच्या जवळ पाणी मिळणार असल्यास घाट रिकाम्या टाकीनेच चढावा, हे आमचं स्पष्ट मत.

टाकी, हवेची नळी आणि जोडण्या

टाकी खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या पॉलिइथिलीनची, जाड आणि उजेड आत न जाणारी घ्या. रोटोमोल्ड केलेल्या पाण्याच्या टाक्यांसाठी आयएस १२७०१ हे भारतीय मानक आहे. रसायनाचा जुना कॅन कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला नको. पांढऱ्या अर्धपारदर्शक टाकीत शेवाळ धरतं, तिला बाहेरून काळं आवरण घाला. स्टीलची टाकी टिकाऊ असते, पण वेल्डिंगच्या सांध्याला तीव्र क्लोरिन बाधतं. तिच्यात क्लोरिनचं पाणी रात्रभर ठेवू नका.

टाकीखाली सबंध तळाला आधार देणारी फळी हवी. फक्त दोन पट्ट्यांवर टेकवलेली प्लास्टिकची टाकी मधून लोंबते आणि हादऱ्यांनी जोडणीपाशी चिरते. वरून निदान दोन धातूचे पट्टे, टाकीला लागतात तिथे रबर लावून.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे हवेची नळी. पाणी आत येताना तेवढीच हवा बाहेर जावी लागते आणि पंप पाणी ओढताना तेवढीच हवा आत यावी लागते. ही नळी किमान १२ मिलिमीटर आतल्या व्यासाची, कुठेही न मुडपलेली आणि टोकाला बारीक जाळी लावलेली असावी. जाळी नसेल तर मुंग्या, झुरळं आणि कुंभारमाशीचं मातीचं घर, यांपैकी काहीतरी आत जातंच. भरताना पाणी तोंडातून उलटं उसळत असेल तर पहिला संशय या नळीवर घ्या. तशातच नळाच्या पूर्ण दाबाने भरत राहिलात तर टाकी फुगते आणि जोडण्या सैल होतात. दुसरी तक्रार अशी, की टाकी काठोकाठ भरून निघालो आणि पोचेपर्यंत दहा-वीस लिटर कमी झालं. नळीचा वळसा टाकीच्या माथ्याच्या खाली आलेला असतो आणि गाडीच्या हिंदकळण्याने सायफन सुरू होतो. नळी टाकीपेक्षा वर चढवून मग खाली वळवा. ते होईपर्यंत टाकी पाच लिटर कमी भरा.

मापाची काडी

पाव-अर्धी-पाऊण दाखवणारे दिवे काही महिन्यांनी खोटं बोलू लागतात, कारण टाकीतल्या, पाणी ओळखणाऱ्या खांबांवर क्षार साचतात आणि पाणी नसतानाही ते ओले राहतात. त्याऐवजी बाहेर पारदर्शक नळी लावून तिच्यावर स्वतःच खुणा करा. गाडी सपाट जागी उभी करायची, टाकी पूर्ण रिकामी करायची आणि मापाच्या १० लिटरच्या बादलीने भरत जायचं. प्रत्येक बादलीनंतर नळीवर मार्करने रेघ ओढायची. पंपाची नळी टाकीच्या तळापासून किंचित वर असते, त्यामुळे तळाचं दोन ते पाच लिटर पाणी पंपाला कधीच मिळत नाही. पंप हवा ओढू लागेल तिथे लाल रेघ मारा. पारदर्शक नळीत उन्हाने शेवाळ धरतं, म्हणून एरवी ती काळ्या टेपने किंवा कापडी खोळीने झाकून ठेवा.

पाणी कुठलं घ्यायचं

महापालिकेचं पाणी उजनीतून आणि भीमेवरच्या टाकळीहून येतं, शुद्ध होऊन आणि क्लोरिन घालूनच नळापर्यंत पोचतं. घरी पाणी सुटतं त्या दिवशी टाकी भरली तर उत्तम. मात्र पहिली पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. दिवसांआड चालणाऱ्या जलवाहिनीत सुरुवातीला गाळ आणि गंज येतो, आणि तो टाकीत गेला की तळाला बसतो.

बोअरचं पाणी दिसायला स्वच्छ पण जड असतं. आपल्याकडच्या काळ्या दगडातून ते क्षार घेऊन येतं आणि तोट्यांवर पांढरे डाग पाडतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेण्याजोगे मानले आहेत. काठिन्यासाठी हेच आकडे २०० आणि ६०० आहेत. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, जरूर ठेवा. पण तो फक्त क्षार सांगतो. जंतूंबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि 'टीडीएस कमी आहे, म्हणजे पाणी चांगलं' असं समजून लोक नेमके तिथेच फसतात.

टँकरचं पाणी असेल तर ते कुठल्या विहिरीचं हे विचारा आणि ओटी (ऑर्थोटोलिडीन) लावून बघा. गावोगावी आरोग्य कर्मचारी नळाच्या पाण्यात जे थेंब टाकून पिवळा रंग बघतात, तीच ही चाचणी. फिकट पिवळा रंग आला तर क्लोरिन आहे, रंगच आला नाही तर नाही, गर्द नारिंगी आला तर फार जास्त आहे. चाचणी केलेलं पाणी पिऊ नका, ओतून द्या.

आषाढीच्या दिवसांत पंढरपुरात किंवा पावसाळ्यात गाणगापूरला नदीचं पाणी टाकीत भरू नका. गढूळ पाण्यात क्लोरिन घातलं तर ते गाळावरच खर्ची पडतं. नाइलाजच असेल तर पिंपात तुरटी फिरवा, पाणी दोन-तीन तास निवळू द्या, वरचं पाणी चौपदरी कापडातून गाळून घ्या आणि मगच टाकीत. तुरटी टाकीत कधीच नको, गाळ तिथेच बसेल.

भरायला बागेचा हिरवा पाइप वापरू नका. उन्हात तापल्यावर त्याचा वास पाण्यात उतरतो आणि आत राहिलेल्या पाण्यात बुळबुळीत थर धरतो. खाद्य दर्जाचा वेगळा पाइप ठेवा, वापरून झाला की निथळवा आणि दोन्ही टोकं एकमेकांत जोडून गुंडाळा, म्हणजे धूळ आणि किडे आत जात नाहीत.

टाकी निर्जंतुक करणं

नवी टाकी बसवल्यावर, दोन-तीन आठवडे गाडी उभी राहिल्यावर आणि पाण्याला वास आल्यावर हे करायचंच. एरवी फिरण्याच्या हंगामात तीन महिन्यांतून एकदा. लक्ष्य आहे लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरिन. सोडियम हायपोक्लोराइटची (हे द्रव ब्लीच, पुढे नुसतं हायपो) तीव्रता बाटलीवर लिहिलेली असते. १०० लिटरला ५ टक्क्यांचं १०० मिलिलिटर, ४ टक्क्यांचं १२५, १० टक्क्यांचं ५० मिलिलिटर. गीझर १० लिटरचा असेल तर तेवढं पाणी हिशोबात वाढवा. सुगंधी, फेसाळणारं किंवा रंगीत ब्लीच नको. आपल्या उन्हाळ्यात हायपोक्लोराइटची ताकद झपाट्याने उतरते, त्यामुळे बाटली ताजी हवी.

हायपो मिळालं नाही तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर चालते. ताज्या पावडरमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरिन असतं, म्हणून १०० लिटरला १५ ग्रॅम पुरते. प्लास्टिकच्या भांड्यात १ लिटर पाण्यात ती कालवा, तासभर निवळू द्या आणि फक्त वरचं नितळ पाणी घ्या. खालचा चुना टाकीत गेला तर पंपाच्या जाळीत अडकतो. उघड्या पोत्यातली, गोळे झालेली, झोंबणारा वास नसलेली पावडर फेकून द्या.

१. हातात रबरी मोजे घाला, गाडीची दारं-खिडक्या उघडा. गीझर बंद करून थंड होऊ द्या. आरओचा मेम्ब्रेन आणि कार्बनची कार्ट्रिज काढून ठेवा. तीव्र क्लोरिनने मेम्ब्रेन कायमचा खराब होतो आणि कार्बन क्लोरिन खाऊन टाकतो, मग पुढच्या नळीला काहीच मिळत नाही. तोट्यांच्या टोकाच्या जाळ्याही काढा.

२. टाकी रिकामी करा. २०-२५ लिटर पाणी घालून गाडी पाच-दहा मिनिटं फिरवा आणि सोडून द्या. मग भरायच्या तोंडातून बोट आत घालून भिंत चाचपा. बोटाला बुळबुळीत लागलं तर नुसत्या क्लोरिनने भागणार नाही. त्या थराखालचे जंतू सुरक्षित राहतात आणि आठवड्यात पाणी पुन्हा वास मारतं. झाकण उघडून लांब दांड्याच्या मऊ ब्रशने भिंती घासा. झाकण नसेल तर कोमट पाण्यात मूठभर खायचा सोडा घालून गाडी पुन्हा फिरवा, असं दोनदा.

३. टाकी अर्धी भरा. मोजलेलं हायपो किंवा टीसीएलचं नितळ पाणी बादलीभर पाण्यात मिसळा आणि नरसाळ्याने ओता. हायपो कोरड्या टाकीत थेट ओतू नका. मग टाकी इतकी भरा की हवेच्या नळीतून पाणी बाहेर येईल. टाकीचं छत आणि ती नळी निर्जंतुक करायचा हाच एक मार्ग.

४. पंप सुरू करून एकेक तोटी उघडा, आधी थंड मग गरम, क्लोरिनचा वास येईपर्यंत. बाहेरचा शॉवर आणि फ्लशची नळी हमखास विसरली जाते. जेवढं पाणी गेलं तेवढं पुन्हा भरा.

५. किमान चार तास, प्लास्टिकच्या टाकीत रात्रभर ठेवलं तरी चालेल. त्याहून जास्त नको, पंपाचे रबरी पडदे कडक होतात.

६. सगळं सोडून द्या, साधं पाणी भरा, प्रत्येक तोटी उघडा, पुन्हा सोडा. बहुधा दोन वेळा पुरतं. मग ओटी लावा. फिकट पिवळा आला की काम झालं. जाळ्या आणि कार्ट्रिज परत बसवा.

सोडलेलं तीव्र पाणी झाडांना घालू नका. पिंपात उघडं ठेवून दोन दिवस ऊन द्या, मग चालेल.

एक सूचना जिवाची आहे. क्लोरिनबरोबर व्हिनेगर, लिंबूसत्त्व किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू निघतो. क्षार काढायचे असतील तर तो कार्यक्रम आधी: १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम लिंबूसत्त्व, गाडी फिरवा, तासभर ठेवा, मग साध्या पाण्याने दोनदा पूर्ण धुवा. क्लोरिन त्याच्यानंतर, दुसऱ्या दिवशी केलेलं उत्तम.

रोजच्या पाण्यातलं क्लोरिन आणि फिल्टरची जागा

प्रवासात टाकी भरल्यावर ओटीत रंग आला नाही तर १०० लिटरला ५ टक्क्यांचं ४ मिलिलिटर हायपो घाला. वर सांगितलेल्या प्रमाणात केलेलं टीसीएलचं नितळ पाणी असेल तर ४० मिलिलिटर. हे लिटरमागे २ मिलिग्रॅम होतं. अर्धा तास थांबा. शेवटच्या तोटीला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरिन उरायला हवं.

कार्बनचा फिल्टर भरताना, म्हणजे टाकीच्या आधी लावणं ही सर्रास होणारी चूक. चवीसाठी लावलेला तो कार्बन क्लोरिन काढून टाकतो आणि पाणी टाकीत निराधार जाऊन बसतं. भरताना फक्त गाळ अडवणारा ५ मायक्रॉनचा फिल्टर लावा. कार्बन आणि यूएफ (अतिसूक्ष्म छिद्रांचा फिल्टर) पिण्याच्या तोटीपाशी, अगदी शेवटी. आरओ कॅम्परमध्ये परवडत नाही, कारण एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जातं आणि १०० लिटरच्या टाकीत ते कुठून आणणार? बोअरचं खारट पाणीच वाट्याला येणार असेल तर पिण्यासाठी २० लिटरचे दोन जार वेगळे घ्या.

एप्रिल-मे

पारा ४२-४३ अंशांवर गेला की गाडीच्या पोटाखालची टाकी वरून ऊन, खालून डांबराची धग आणि जवळ असेल तर सायलेन्सरची आच सोसते. २५ ते ४५ अंशांचं कोमट पाणी जंतूंना सगळ्यात मानवतं. त्यात लिजिओनेला हा जंतू येतो, आणि तो शॉवरच्या तुषारांतून थेट फुफ्फुसात जातो. त्याच उष्णतेत क्लोरिन लवकर उडतं. टाकीला भोवतीने १९ मिलिमीटरचा नायट्राइल फोम लावा, सायलेन्सर आणि टाकीत पत्र्याचा आडोसा ठेवा. उन्हाळ्यात ओटी रोज सकाळी लावा आणि पाणी तीन दिवसांच्या वर टाकीत ठेवू नका. दुपारी गाडी उभी करताना टाकीची बाजू सावलीत येईल असं बघा.

पंप काय सांगतो

१२ व्होल्टचा डायाफ्राम (रबरी पडद्याचा) पंप तोटी उघडली की सुरू आणि बंद केली की दाब भरून थांबतो. सगळ्या तोट्या बंद असताना तो मध्येच दोन सेकंद घुरघुरत असेल तर कुठेतरी दाब उतरतोय. कोरडा टिश्यू प्रत्येक सांध्यावर फिरवा, ओला होईल तिथे गळती. सगळं कोरडं असेल तर पंपातला एकमार्गी व्हॉल्व्ह गाळाने उघडा राहिला आहे.

पंप चालतो पण पाणी येत नाही, किंवा तोटी फसफसते: हवा आत शिरतेय. पंपाच्या तोंडावरच्या जाळीचं पारदर्शक झाकण बघा. साफ करून घाईत लावलं की त्यातली रबरी रिंग वाकडी बसते. सिलिकॉन ग्रीसचं बोट लावून रिंग नीट बसवा. टाकी ते पंप ही नळी आतून धागा असलेली ब्रेडेडच हवी. साधी मऊ नळी उन्हात लुसलुशीत होऊन ओढीने चपटी होते.

प्रवाह हळूहळू कमी झाला तर आधी तोटीची जाळी काढून बघा, आपल्याकडे नव्वद टक्के क्षार तिथेच भेटतात. मग पंप चालू असताना त्याच्या तारांवर व्होल्टेज मोजा. ११.५ च्या खाली असेल तर तार बारीक आहे, २.५ चौरस मिलिमीटरची टाका.

सडक्या अंड्याचा वास फक्त गरम पाण्याला येत असेल तर दोष टाकीचा नाही, साठवणीच्या गीझरमधल्या मॅग्नेशियमच्या रॉडचा आणि तिथे साचलेल्या जंतूंचा आहे. गीझर रिकामा करा, निर्जंतुक करा, रॉड गळून गेला असेल तर बदला.

परत आल्यावर

गाडी दारात लागल्या दिवशीच टाकी सोडा. उरलेलं पाणी झाडांना जाऊ द्या. तळाचा कॉक उघडा, गाडीचा कॉककडचा कोपरा थोडा खाली येईल अशी उभी करा. सगळ्या तोट्या उघडून पंप १० ते १५ सेकंद कोरडा चालवा, म्हणजे नळ्यांतलं पाणी निघेल. त्याहून जास्त वेळ कोरडा चालवू नका. गीझर निथळवा, पंपाची जाळी धुऊन वाळवा, फिल्टरच्या कार्ट्रिज काढून सावलीत सुकवा. तोट्या आणि कॉक उघडेच ठेवा, कॉकच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. गाडीच्या चावीला एक चिठ्ठी अडकवा: टाकी कधी सोडली, शेवटचं क्लोरिन कधी केलं.